बांधकामावर जायचे, पण बिगारी म्हणूनच का?

दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच विषय निघतो. पोराचे पुढे काय करायचे? पहिल्या वर्गात आलेल्याची फारशी चिंता नसते. काळजी असते ती पन्नास-पंचावन्न टक्केवाल्याची आणि एखाद्या विषयात आपटलेल्याची. वडील म्हणतात, दोन एकर भातात दोन भावांचे भागणार नाही. आई म्हणते, पण शहरात कोण विचारणार याला? पोरगा काही बोलत नाही. तो मोटारसायकल काढतो आणि नाक्यावर जाऊन बसतो.

या घरांसाठी आज बांधकामाच्या धंद्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. हा धंदा आपल्यापासून लांब नाही. तो आपल्या बांधावर येऊन उभा आहे. बावधनपासून भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत आणि तिकडे हिंजवडी, माण, मारुंजीपर्यंत जिथे आंबेमोहराची खाचरे होती, तिथे आज दहा-वीस मजल्यांच्या इमारती दिसतात. आता एक काम करा. अशा एखाद्या कामापाशी घटकाभर थांबा आणि कोण काय करतो ते पाहा. सेंट्रिंगवाला बिहार-बंगालचा, फरशी बसवणारा राजस्थानचा, रंगारी उत्तर प्रदेशचा. आणि आपल्या तालुक्यातला तरुण? बहुधा तो फाटकावर शिट्टी घेऊन बसलेला असतो, नाहीतर पाण्याचा टँकर लावत असतो.

त्या परक्या कारागिरांवर राग धरण्यात काही अर्थ नाही. ते हजार कोसांवरून आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दुसरे काही नव्हते, हातात एक कला होती. त्या कलेलाच इथे दाम मिळतो. आपल्या घरापासून दोन कोसांवर काम आहे आणि आपल्या पोराच्या हातात ती कला नाही, हे खरे दुखणे आहे. त्यावर औषध आहे, आणि ते फार महागही नाही.

आधी जमिनीचे दोन शब्द. मुळशीकरांना जमीन जाण्याचे दुःख नवे नाही. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी मुळेवर धरण घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यात पुढे होते. बायकापोरे धरणाच्या कामावर जाऊन बसली. लढा झाला, तरी धरणही झाले आणि खाचरे पाण्याखाली गेली. त्या वेळी जमीन सक्तीने गेली. आज ती बऱ्याचदा खुशीने जाते आणि पैसा हातात येतो. पण तो पैसा किती दिवस पुरतो, हे आजूबाजूला पाहिले म्हणजे कळते. घर झाले, गाडी झाली, लग्न झाले, की पासबुकात शिल्लक काय राहते? जमीन एकदाच विकता येते. हातातली कला रोज विकता येते आणि विकूनही ती आपल्याकडेच राहते. म्हणून जमीन विकली असो वा राखली असो, एका मुलाला किंवा मुलीला पक्के शिक्षण देणे हे त्या पैशाचे पहिले काम समजा.

आता बांधकाम म्हणजे नेमके काय? लांबून पाहणाऱ्याला वाटते की घमेले उचलणे म्हणजे बांधकाम. घमेले उचलणारा बिगारी ही त्या शिडीची सर्वांत खालची पायरी आहे. तिच्यावर किती पायऱ्या आहेत ते मोजा. जागेची मोजणी करणारा सर्व्हेअर. नकाशे काढणारा आरेखक, ज्याला ड्राफ्ट्समन म्हणतात. सळई कापून, वाकवून बांधणारा फिटर. साचा उभा करणारा सेंट्रिंगचा सुतार. वीट-दगड बांधणारा आणि गिलावा करणारा गवंडी. नळकाम करणारा प्लंबर, विजेची तार ओढणारा वायरमन, वेल्डर, फरशीवाला, रंगारी. या सर्वांवर लक्ष ठेवणारा सुपरवायझर, त्याच्यावर इंजिनिअर आणि सर्वांकडून काम करून घेणारा ठेकेदार. बिगाऱ्याला आणि गवंड्याला ऊन सारखेच लागते, पण संध्याकाळी हातावर पडणारा रोज सारखा नसतो. आणि गुडघे दुखू लागल्यावर बिगाऱ्याचे काम सुटते. गवंडी त्या वयात मुकादम होतो.

काहींना वाटेल की हे आपल्या पोराला जमणार नाही. का जमणार नाही? ज्याने भातखाचराची पातळी पाणी सोडून पाहिली आहे, त्याला पाणनळीने पातळी घेणे कळायला वेळ लागत नाही. दोन्हीकडे पाणी आपली पातळी शोधते, हेच त्यातले तत्त्व. आखणीचा काटकोन काढताना गवंडी काय करतो? एका दोरीवर ३ फूट मोजतो, दुसरीवर ४ फूट मोजतो आणि तिरके माप बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनात बसला असे धरतो. शाळेत पाठ केलेला पायथागोरस तो हाच.

सळईचे वजन काढायचे असेल, तर तिची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई धरली तर १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. १२ मीटर लांबीची एक सळई साधारण १०.६७ किलो भरली पाहिजे. हा हिशेब येणाऱ्याला दुकानदार वजनात फसवू शकत नाही आणि मुकादमही त्याला कच्चा समजत नाही. तेव्हा पोरगा गणितात कच्चा असेल, तर त्याला दोरी आणि टेप घेऊन अंगणात उभा करा. वहीत न समजलेले गणित पुष्कळदा जमिनीवर समजते.

आता शिक्षणाच्या वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. कारागीर घडवण्याची ही सरकारी योजना देशात १९५० पासून चालू आहे. पुण्यात औंधचे शासकीय आयटीआय मोठे आणि जुने आहे. शिवाय तालुक्या-तालुक्यातही शासकीय संस्था आहेत. गवंडीकाम आणि सुतारकाम हे व्यवसाय एका वर्षाचे, वेल्डरचाही एका वर्षाचा. या तिन्हींना आणि दोन वर्षांच्या वायरमनला आठवी पास झालेला मुलगा चालतो. इलेक्ट्रिशियन, स्थापत्य आरेखक आणि सर्व्हेअर यांना दहावी पास लागते आणि ते दोन वर्षांचे आहेत. म्हणजे दहावीत अडकलेल्या मुलालाही दार बंद नाही, हे ध्यानात घ्या. प्रवेशाचा अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरावा लागतो. सर्वच संस्थांत सर्व व्यवसाय नसतात. म्हणून अर्जात पसंती लिहिण्यापूर्वी कोणत्या संस्थेत काय शिकवतात, याची चौकशी करा. शेजाऱ्याच्या पोराने फिटर घेतला म्हणून आपणही फिटर लिहायचा, असे करू नका. आणि एक खुलासा. आयटीआयमधला फिटर हा कारखान्यातला यंत्रांचा कारागीर असतो. बांधकामावरचा सळईवाला फिटर तो वेगळा. नाव एकच असल्याने पुष्कळांची फसगत होते.

आयटीआय झाल्यावर लगेच घरी बसू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत उमेदवारी करता येते, तिथे विद्यावेतन मिळते आणि काम प्रत्यक्ष हाताखालून जाते. वीजकामाला तर नुसते प्रमाणपत्र पुरत नाही, तारतंत्रीचा सरकारी परवाना लागतो. तो काढला की गावातल्या गावातही मानाने काम मिळते.

दुसरी वाट पदविकेची, म्हणजे डिप्लोमाची. दहावीनंतर तीन वर्षे. त्यात स्थापत्य, म्हणजे सिव्हिल ही शाखा बांधकामाची. पुण्यातले शासकीय तंत्रनिकेतन १९५७ चे आहे. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे आज जो गरिबीमुळे आयटीआयला गेला, त्याची पुढची वाट कोणी अडवलेली नाही. एकेक जिना चढत तो इंजिनिअरही होऊ शकतो. पदविकेवर कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी जागांसाठी अर्ज करता येतो आणि खासगी कामावर साइट सुपरवायझर म्हणून सुरुवात होते.

या शिक्षणाची पुण्याला जुनी परंपरा आहे. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा एक वर्ग निघाला. इमारती, कालवे, पूल, रेल्वे यांवर देखरेख करणारी हाताखालची माणसे तयार करणे एवढाच त्याचा हेतू होता. त्याच वर्गाचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथलेच विद्यार्थी. त्यांनी योजलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली आपल्या शेजारच्या खडकवासला धरणावर बसले. बांधकामाचे व्यवस्थापन शिकवणारी निकमार ही १९८३ सालची संस्था बालेवाडीला, म्हणजे मुळशीच्या वेशीवरच आहे. पदवीनंतर तिथेही जाता येते.

तिसरी वाट थोड्या मुदतीच्या प्रशिक्षणाची. घरची ओढ मोठी आणि दोन वर्षे थांबण्याची ऐपत नाही, अशांसाठी ही. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. पुण्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. या संस्थांत ग्रामीण तरुणांना विनामूल्य शिकवतात आणि राहण्या-जेवण्याची सोय असते. घरकुल योजनेतही ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. ते ४५ दिवसांचे असून प्रत्यक्ष घरकुल बांधतानाच दिले जाते. आपल्या पंचायत समितीत घरकुलाचे काम पाहणाऱ्याला याविषयी विचारा. लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९९५ साली चेन्नईला बांधकामाच्या कारागिरांसाठी प्रशिक्षण संस्था काढली, पुढे देशात अनेक ठिकाणी काढल्या. सेंट्रिंग, सळईकाम, गवंडीकाम असे विषय तिथे शिकवतात.

चौथी वाट जरा निराळी आणि आपल्यासारख्यांच्या मनाला पटणारी. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठी शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ते खेड्यात आले, कारण हाताने काम करता करता मूल चांगले शिकते अशी त्यांची खात्री होती. तिथल्या एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात बांधकाम, वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन हे सगळे थोडेथोडे येते. आश्रमात तयार झालेली घुमटाकार घरे पाबळ डोम म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्याला शेती सोडायची नाही आणि गावातच चार कामे करून पोट भरायचे आहे, त्याने एकदा पाबळला जाऊन यावे.

पाचवी वाट आधीच काम करणाऱ्यांची. वीस वर्षे करणी-थापी चालवली, पण हातात कागद नाही, असे गवंडी आपल्या प्रत्येक गावात आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. गवंडी, सुतार आणि लोहार त्यांत येतात. पाच ते सात दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्या खेपेला १ लाखापर्यंत, अशी ती योजना ठरली. कुटुंबातल्या एकालाच लाभ आहे. नोंदणी सेवा केंद्रातून होते आणि पहिली पडताळणी आपल्या ग्रामपंचायतीकडे असते.

आता मुलींविषयी. बांधकाम म्हटले की बाईच्या डोक्यावर घमेले आणि झाडाला बांधलेली झोळी, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वर्षानुवर्षे काम करूनही बाई बिगारीच राहते, कारण करणी तिच्या हातात कोणी देत नाही. पण स्थापत्य आरेखक हे काम मेजावर बसून, आता संगणकावर करायचे आहे. सर्व्हेअरचे काम डोळ्यांचे आणि हिशेबाचे आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात. मुलीच्या लग्नासाठी जमिनीचा तुकडा विकायला निघालेल्या बापाने आधी तिच्या दोन वर्षांच्या एसटीच्या पासाचा खर्च मांडून पाहावा.

या धंद्याची काळी बाजूही सांगायला हवी. उंचीवरून पडणे, खोल चर ढासळणे आणि विजेचा धक्का ही इथली तीन मोठी संकटे. मुळशीचा पाऊस आपल्याला माहीत आहे. भिजलेली माती कधी खाली बसेल याचा नेम नसतो. डोक्यावर हेल्मेट, उंचीवर कमरेला पट्टा आणि त्याचा दोर पक्क्या जागी अडकवलेला, याशिवाय आपल्या माणसाने काम करू नये. ठेकेदार हसला तरी चालेल. एका दिवसाचा रोज बुडाला तर तो भरून निघतो, घरातला माणूस गेला तर तो येत नाही. आणि अठरा वर्षांच्या आतल्या पोराला बांधकामावर पाठवूच नका. ते वय शिकण्याचे आहे.

कामगाराची नोंदणी ही दुसरी ढाल. केंद्र सरकारने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण निधी उभा करण्याची सोय केली. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, ही नोंदणीची अट. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून मिळवता येतो, तसा ग्रामसेवकाकडूनही. नोंदणी झालेल्याच्या मुलांना शिक्षणासाठी, आजारपणात आणि अपघातात मदत मिळते. पुष्कळजण केवळ माहिती नाही म्हणून हे सोडून देतात. भाताची कापणी झाल्यावर नोव्हेंबरपासून मेपर्यंत जे कामावर जातात, त्यांचे ९० दिवस सहज भरतात. फक्त दिवस वहीत टिपून ठेवा.

आणखी एक सावधगिरी. एकाच मोठ्या प्रकल्पावर सगळे घर टांगू नये. आपल्या तालुक्यातच लवासाचे उदाहरण आहे. डोंगरात नवे शहर उठत होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा हुकूम काढला. पुढे २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी काय होते? डंपर थांबतो, पण डंपरचा हप्ता थांबत नाही. ज्याच्या हातात कला असते, तो मात्र अवजारांची पिशवी उचलतो आणि दुसऱ्या कामावर जातो. म्हणून कर्ज काढून यंत्र घेण्याआधी ते यंत्र चालवायला, दुरुस्त करायला आणि त्याचा हिशेब ठेवायला शिका. ठेकेदारी ही शेवटची पायरी, पहिली नव्हे. आधी पाच-सात वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम करा, मोजमाप आणि बिल कसे काढतात ते पाहा. १०० घनफुटांचा ब्रास, सिमेंटच्या पोत्याचे ५० किलो, गिलाव्याला किती दिवस पाणी मारायचे, हे तोंडपाठ होऊ द्या. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस ओल राखावी लागते. ही ओल चुकवणाऱ्या ठेकेदाराचे नाव फार दिवस टिकत नाही. सभासद जमवून मजूर सहकारी संस्था काढली, तर सरकारी छोट्या कामांत तिला वाटा असतो, हेही लक्षात ठेवा.

शेवटी फसवणुकीबद्दल. "महिन्यात इंजिनिअर", "नोकरीची शंभर टक्के हमी" अशा पाट्या लावून फी उकळणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? त्याला सरकारी मान्यता आहे का, तो कागद दाखवा. मागच्या वर्षीची मुले आज कुठे कामाला आहेत, त्यांच्यापैकी दोघांची गाठ घालून द्या. या प्रश्नांना जो टाळाटाळ करील, त्याच्या दारातून परत फिरा.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एवढेच करा. मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि तिला काय करायला आवडते, हे आधी ऐकून घ्या. मग तिला घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा, कार्यशाळा डोळ्यांनी पाहा, तिथल्या निदेशकांशी बोला. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत तयार ठेवा. दाखल्यांसाठी ऐनवेळी तहसील कचेरीत रांग लागते आणि अर्जाची मुदत निघून जाते.

आपल्या शेतांवर इमले तर उभे राहणारच. त्यांच्या फाटकावर आपले पोर शिट्टी घेऊन बसणार, की आत ओळंबा धरून उभे राहणार, एवढेच आपल्या हातात आहे. पेरणीचा वाफसा एकदाच येतो, तो चुकवू नका.